उंचीच्या रांगेतलं शेवटचं लेकरू

परभणीत आम्ही आठवीत होतो तेव्हा बास्केटबॉलची निवड चाचणी एकाच हुकमानं सुरू व्हायची. "उंचीनं उभ्या राहा." आम्ही रांग करायचो, सर उंच टोकाकडून मोजत यायचे आणि बारा मुली झाल्या की थांबायचे. उरलेल्यांनी वर्गात जायचं. त्या रांगेत मी कायम शेवटून दुसरी किंवा तिसरी असायची. एका वर्षी बारावी मुलगी तापानं पडली, म्हणून माझा नंबर लागला. मी खेळाडू झाले ती त्या तापामुळे.

पुढे विभागीय निवडीला गेलो. तीन सामने झाले, तिन्ही आम्ही जिंकले. टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुझे गुण किती?" म्हटलं, "चार." "तीन मॅचमध्ये चार?" त्यांनी कागदावर चार लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. आमच्या उंच मुलीच्या नावावर चाळीसच्या वर गुण होते. त्यातली बरीच बास्केट माझ्या पासवर झालेली होती, हे मला सांगायचं होतं. पण ते लिहायला कागदावर रकानाच नव्हता. तो आजही नाही. आपल्याकडच्या सामन्यांच्या स्कोअरशीटवर खेळाडूच्या नावापुढे गुण आणि फाउल एवढंच उरतं. कोणी कोणाला मोकळं केलं, कोणी चेंडू वेळेवर दिला, कोणी घाई थोपवली, याची नोंद सामना संपताच मैदानावरच पुसली जाते.

आता मी लातूरला क्रीडा शिक्षिका आहे. उंचीच्या रांगा अजून लागतात, फक्त आता त्या लावणाऱ्यांत मीही मोडते. म्हणून हा लेख आधी माझ्यासारख्यांना उद्देशून आहे. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड नावाची एक जागा असते. त्या जागेवरचं लेकरू आपली व्यवस्था दोनदा हरवते, पहिल्यांदा रांगेत उंचीमुळे आणि दुसऱ्यांदा दहावीनंतर वयामुळे. माझ्या मते धाराशिवचा खो-खो सोडला तर मराठवाड्यात कोणताच सांघिक खेळ नीट रुजत नाही याचं मोठं कारण या दुसऱ्या हरवण्यात आहे.

आधी ती जागा समजून घेऊ. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, रिंग ३.०५ मीटर उंचीवर. मैदानाच्या आपल्या बाजूला चेंडू हाती आला की ८ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं आणि २४ सेकंदांच्या आत तो बास्केटकडे फेकायचा. या २४ सेकंदांत काय करायचं हे ठरवणारा पॉइंट गार्ड. चेंडू त्याच्या हाताखाली उसळत असतो, पण नजर चेंडूवर नसते. समोरच्या संघातला कोण दमलाय, आपला कोण रागावलाय, डावीकडची मुलगी केव्हा कट मारणार, तिच्या हातात चेंडू छातीशी द्यायचा की उसळवून, हे सगळं तो चालता चालता मनात मांडत असतो.

ज्यांनी बास्केटबॉल पाहिलेला नाही त्यांना मी खो-खोचं उदाहरण देते. पाठलाग करणारा गडी धापा टाकत येतो, बसलेल्याच्या पाठीला हात लावतो, 'खो' म्हणतो आणि स्वतः खाली बसतो. पुढची झेप दुसऱ्याची. समोरचा बाद झाला की टाळ्या शेवटचा हात लावणाऱ्याला. पण मैदान जाणणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की गडी बाद झाला तो अर्ध्या सेकंदाआधी मिळालेल्या खोमुळे. पॉइंट गार्ड हा आयुष्यभर खो देणारा गडी असतो.

अशा खेळाडूची कारकीर्द कशी घडते, याचं माझ्या मनातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जॉन स्टॉक्टन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा मुलगा, वडील गावात बार चालवायचे. गावातल्याच गोन्झागा विद्यापीठात तो शिकला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमानं निवडतात. १९८४ मध्ये युटा जॅझ संघानं त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडलं. उंची सहा फूट एक इंच. आपल्याकडे हा उंच वाटेल, पण एनबीएच्या रांगेत तो शेवटच्या टोकालाच उभा राहिला असता.

पहिली तीन वर्षं तो प्रामुख्यानं राखीव खेळाडू होता. संघाचा नियमित पॉइंट गार्ड झाला १९८७-८८ च्या हंगामात, म्हणजे वयाच्या पंचविशीत. त्याच हंगामात त्यानं हजाराच्या वर असिस्ट दिले. असिस्ट म्हणजे ज्या पासवर थेट बास्केट होतं तो पास. तिथून सलग नऊ हंगाम या यादीत तो पहिला राहिला. १९९०-९१ मध्ये एका हंगामातला ११६४ असिस्टचा विक्रम केला. एकोणीस हंगाम एकाच संघाकडून खेळला आणि १५०४ सामने झाल्यावर २००३ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी थांबला. एकोणीस वर्षांत त्याचे फक्त २२ सामने चुकले. एकूण असिस्ट १५,८०६. निवृत्तीला दोन दशकं उलटली तरी हा आकडा कोणी गाठलेला नाही. त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर असलेला ख्रिस पॉलसुद्धा तीन हजारांहून जास्त मागे आहे.

या आकड्यांच्या पोटात एक दुसरा माणूस आहे, हे मी मुलांना नेहमी सांगते. कार्ल मलोन १९८५ मध्ये त्याच संघात आला आणि दोघं अठरा हंगाम एकत्र खेळले. त्यांची चाल जगाला पाठ होती. मलोन यायचा आणि स्टॉक्टनच्या पाठीवर असलेल्या खेळाडूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. स्टॉक्टन त्याच्या खांद्याला घासून निघायचा. आता दोन बचाव करणारे आणि हे दोघं. एकानं स्टॉक्टनकडे पाऊल टाकलं रे टाकलं की मलोन वळून रिंगकडे सुटायचा आणि चेंडू त्याच्या हातात आलेला असायचा. सगळ्यांना माहीत असूनही ही चाल अठरा वर्षं चालली, कारण तिचा जीव त्या पावलाची वाट पाहण्यात होता. पाऊल पडण्याआधी पास दिला तर वाया, पडल्यावर क्षणभर उशीर झाला तरी वाया. मलोनच्या नावावर ३६,९२८ गुण आहेत. स्टॉक्टन नसता तर त्यातले किती उरले असते?

१९९७ आणि १९९८, दोन्ही वर्षी त्यांचा संघ अंतिम फेरीत शिकागोकडून हरला. विजेतेपद स्टॉक्टनला कधीच मिळालं नाही. तरी त्याची कारकीर्द अपुरी होती असं खेळ समजणारा कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र पदक नाही तर खेळाडू नाही, असा हिशेब आहे.

स्टीव्ह नॅशचं तसंच. कॅनडात वाढलेला. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकानं अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांना पत्रं लिहिली, शिष्यवृत्ती देऊ केली एकट्या सांता क्लारानं. १९९६ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवड झाली. सुरुवातीची वर्षं मोठ्या गार्डांच्या मागं बाकावर गेली, पुढे डॅलसमध्ये घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली २००५ मध्ये, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. मग्सी बोग्ज तर पाच फूट तीन इंचांचा, म्हणजे १.६० मीटर. आमच्या अकरावीतल्या कित्येक मुली त्याच्यापेक्षा उंच आहेत. तो एनबीएत चौदा हंगाम खेळला.

पंचवीस आणि एकतीस ही दोन वयं मी मुद्दाम पुढे ठेवते. पळण्याचा वेग विशीत भरात येतो, उडीही येते. मैदान वाचणं मात्र उशिरा येतं. शेकडो सामने हरल्यावर, हजारो पास चुकल्यावर ते अंगात मुरतं. उंच मुलगा आठवीत ओळखू येतो, कारण उंची डोळ्यांना दिसते. हा गुण आठवीत दिसला तरी अंकुरासारखाच दिसतो, आणि त्याला पुढची सात-आठ वर्षं मैदान, सोबती आणि शिकवणारा माणूस हवा असतो.

आणि आमच्याकडे सात-आठ महिनेही मिळत नाहीत. लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी सातला उभं राहून बघा. नांदेड, उदगीर, अहमदपूर, केज, अंबाजोगाईहून आलेली हजारो मुलं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे चाललेली असतात. पाठीवर दप्तर, हातात डब्याची पिशवी, तोंडात नीटचे ७२० गुण. यात शाळेच्या संघाकडून राज्यपातळीवर खेळून आलेली मुलं असतात. मी त्यांना चालण्यावरून ओळखते. दहावीच्या निकालानंतर घरच्यांनी सांगितलेलं असतं, "आता खेळ बंद. दोन वर्षं." दोन वर्षांची तीन होतात, रिपीटर बॅचमध्ये चार होतात. तोवर अंगावर चरबी चढते, गुडघ्यांची सवय जाते, आणि हातातला चेंडूचा स्पर्श तर सगळ्यात आधी जातो. माझी एक विद्यार्थिनी, अंगापिंडानं बारीक, पण मान न वळवता मागच्या मुलीला पास देणारी, नववीत असताना मला म्हणाली होती, "मॅडम, कोण कुठं जाणार ते मला आधीच दिसतंय." दहावीला तिला ९४ टक्के पडले. आईवडील पेढे घेऊन आले. मीही पेढा खाल्ला, आणि त्यानंतर ती मैदानावर आली नाही.

त्या आईवडिलांना मी दोष देऊ शकत नाही. घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव दरवर्षी रडवतो, मोठ्या मुलीचं लग्न व्हायचंय. घरात एक डॉक्टर झाला तर तीन पिढ्यांचं भलं होतं हे त्यांनी शेजारच्या घरात डोळ्यांनी पाहिलंय. लातूर पॅटर्ननं या भागाला जे दिलं ते मी नाकारत नाही. पुण्या-मुंबईला न जाता आमची लेकरं मेडिकलला लागतात, याचा मला अभिमानच आहे. आणि बापानं विचारलं की "मॅडम, बास्केटबॉल खेळून पुढं काय?", तर माझ्याकडे त्याला गप्प करणारं उत्तर नाही. एनबीएत ३० संघ आहेत, प्रत्येकात १५ नियमित जागा, म्हणजे सगळ्या जगासाठी ४५०. पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर निवडलं. तो निवडला गेलेला पहिला भारतीय, सात फुटांच्या वर उंच. त्यालाही तिथं एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही. आपल्या देशाचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच उतरला, १९८० ला मॉस्कोत. इथं खेळाडूचं पोट भरतं ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, पोलीस किंवा एखाद्या बँकेच्या नोकरीवर. तिथंही जागा मोजक्याच.

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं तसंच राहतं, कारण एनबीए हे माझं मागणंच नाही. सोळाव्या वर्षी खेळ तोडून टाकायची जी रीत आपण पाडली आहे, तिनं खेळाचा अर्थच बदलून टाकला. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. दोन्ही तरतुदी चांगल्या हेतूनं आल्या आणि खऱ्या खेळाडूंना त्यांचा आधारही झाला. पण खेळायला मिळणारी वर्षं जर तीनच, तर त्या तीन वर्षांत प्रमाणपत्र काढून घ्यायचं, एवढंच शहाणपण उरतं. दरवर्षी जूनमध्ये एखादा पालक मला विचारतो, "मॅडम, कोणत्या खेळात राज्य लवकर खेळता येतं?" मग ज्या खेळात संघ कमी उतरतात तिकडे गर्दी होते. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत, त्यांची वाट इथूनच फुटते. प्रमाणपत्रासाठी खेळणाऱ्या मुलाला पॉइंट गार्ड व्हायचंच नसतं. दुसऱ्याला गुण मिळवून देण्यात त्याचा कागद कुठं आहे?

इथं हमखास अविनाश साबळेचं नाव पुढे केलं जातं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनमध्ये राहिला, स्टीपलचेस ही अडथळ्यांची लांब शर्यत पळायला लागला तोच विशीनंतर, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलात कुस्तीचं सुवर्ण जिंकला. लोक म्हणतात, "बघा, दुष्काळी भागातूनही पोरं निघतात. जिद्द पाहिजे." माझ्या मते साबळेची गोष्ट बरोबर उलटं सांगते. विशी ओलांडलेल्या एका पोराला कोणीतरी रोज पोटभर जेवण दिलं, पळायला वेळ दिला, प्रशिक्षक दिला, आणि नोकरीची चिंता डोक्यावरून उतरवली. हे सैन्यानं केलं. आपण काय केलं?

आणि धावणं एकट्याचं असतं. आष्टीच्या रस्त्यावर पहाटे एकट्यानं पळता येतं, तालमीत एक जोडीदार असला तरी डाव मारता येतात. पास एकट्यानं देता येत नाही. समोर घेणारा हवा, अडवणारा हवा, एकूण दहाजण हवेत, आणि तेही आठवड्यातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं. एकट्याचा खेळाडू गाव सोडून मोठा होऊ शकतो. सांघिक खेळाडू घडायचा तर गावातच खेळ जिवंत असावा लागतो. त्यातही मोठ्यांचा. सोळा वर्षांच्या मुलीनं बावीस वर्षांच्या मुलीविरुद्ध खेळून मार खाल्ल्याशिवाय तिला वेग कशाला म्हणतात हे कळत नाही. आमच्या मैदानांवर बावीस वर्षांचं कोणी नसतंच. दहावी झालेली जाते, सातवीतली येते, आणि खेळ पुन्हा पहिल्या पानावर.

हे मराठवाड्यात होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यानं धाराशिवचा खो-खो बघून यावा. तिथं संध्याकाळी मैदानावर शाळकरी मुली, कॉलेजच्या मुली आणि खेळून नोकरीला लागलेल्या ताया एकत्र दिसतात. लहान मुलगी मोठीच्या पाठीमागे पळत पळतच शिकते. याच मातीतली सारिका काळे भारताची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तब्बल बावीस वर्षांनी हा पुरस्कार खो-खोकडे आला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. तिचा खेळ घडला पुण्याकडे, हेही सांगायला हवं. उंचीची रांग खो-खोत लागत नाही आणि खेळ दहावीला तुटत नाही. धाराशिवनं एवढं सांभाळलं आणि त्याचं फळ साऱ्या देशाला दिसलं.

मग बास्केटबॉलच का, खो-खो आहे की, असंही कोणी म्हणेल. खो-खो हवाच. पण बास्केटबॉलची एक गोष्ट मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. २८ गुणिले १५ म्हणजे ४२० चौरस मीटर, सव्वाचार गुंठ्यांच्या आत. भोवतीची मोकळी जागा धरली तरी सहा-सात गुंठ्यांत काम होतं. सिमेंटचा कोबा, दोन खांब, दोन बोर्ड. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा शहरातल्या मैदानांची काय अवस्था झाली होती ते मला आठवतं. मातीच्या मैदानावर पाणी मारायची सोय नव्हती, धुळीत मुलं खोकत होती. आमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान तेवढं रोज चालू होतं. त्याला झाडू लागतो, पाणी लागत नाही.

पैसा नाही, हे कारण मी आता ऐकून घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळवली गेल्याचं उघडकीस आलं आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. न्यायालयात जे व्हायचं ते होईल. मला त्या दिवशी झोप लागली नाही ती दुसऱ्याच विचारानं. एवढे पैसे खात्यात पडून होते. इतकी मोठी रक्कम कमी होत गेली आणि मैदानावरच्या कोणाला तिची उणीव भासली नाही, कारण ती मैदानापर्यंत कधी येतच नव्हती. त्यातला एखादा कोटी जरी आठ जिल्ह्यांच्या मैदानांवर दिवे लावायला आणि रिंगच्या जाळ्या बदलायला खर्च झाला असता!

माझी मागणी साधी आहे आणि मी ती नावानिशी क्रीडा खात्याकडे, शाळांकडे आणि क्लासचालकांकडे करते. प्रत्येक तालुक्याच्या गावात एक मैदान रात्री नऊपर्यंत दिव्यांसह उघडं राहू द्या आणि तिथं अठरा वर्षांवरच्यांना खेळायची मुभा असू द्या. प्रशिक्षकाला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवू नका. आठ वर्षांत पिकणारं पीक अकरा महिन्यांचा माणूस कशाला लावेल? शालेय स्पर्धा एका दिवसात बाद पद्धतीनं उरकण्याऐवजी जिल्ह्यात साखळी खेळवा, म्हणजे हरलेल्या संघालाही वर्षाकाठी एकाऐवजी पंधरा सामने मिळतील. निवड चाचणीच्या कागदावर पासचाही रकाना आखा. एक मुलगी बाजूला बसवून नुसत्या रेघा मारायला सांगितल्या तरी पुरे, मी गेली तीन वर्षं हेच करते आहे. आणि क्लासच्या वेळापत्रकात संध्याकाळचा एक तास मोकळा सोडा. त्या तासानं नीटचे गुण घटतील असं म्हणणाऱ्यांनी रात्री अकराला पुस्तकावर मान टाकून झोपलेली मुलं आमच्या वसतिगृहात येऊन बघावीत.

मुलींचं तर वेगळं सांगायला हवं. दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडचा कोयता ऊसतोडीला बाहेर पडतो. एखादी मुलगी जिल्हा जिंकलेल्या संघात असते आणि पुढच्या फेरीला धाकट्या भावंडांसोबत फडावर गेलेली असते. परत आली तर येते, नाहीतर लग्नाची पत्रिकाच येते. इथं मैदान असणं म्हणजे ती कुठं आहे हे विचारणारं एक माणूस असणं. संघातल्या अकराजणी विचारतात, "मॅडम, ती का आली नाही?" हजेरीपटापेक्षा हा प्रश्न मला जास्त जागं ठेवतो.

गेल्या वर्षापासून मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते नऊ आम्ही कॉलेजचं मैदान उघडं ठेवतो. दोन दिवे आहेत, एका बाजूची रिंग थोडी वाकलेली आहे. सुरुवातीला चारजण यायचे. आता चौदा-पंधरा येतात, त्यात रिपीटर बॅचची मुलं आहेत, एक तलाठी आहे, बँकेत काम करणारी एक बाई आहे. रांग लावत नाही. आलेल्या क्रमानं पाच-पाच जण उतरतात.

गेल्या शुक्रवारी ती आली. तीच, मान न वळवता पास देणारी. बारावीला आहे आता. चपला काढून कठड्यावर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. पावणेनऊला तलाठी दमून बाहेर आले तेव्हा कोणी न सांगता अनवाणीच आत गेली. पहिले दोन पास बाहेर गेले. तिसरा बँकेतल्या बाईंच्या हातात पडला, पण त्या इतक्या गाफील होत्या की चेंडू छातीला लागून खाली पडला. "अगं, सांगायचं तरी!" त्या म्हणाल्या. ती म्हणाली, "काकू, तुम्ही रिकाम्या होता." नऊला मेस बंद होते, म्हणून आठ छप्पन्नला ती पळत सुटली. चपला कठड्यावरच राहिल्या. त्या मी ऑफिसच्या कपाटात ठेवल्या आहेत, मंगळवारपर्यंत.